मेंढीच्या मेंदूचं शिकून पोट भरेल का?

ताई, नमस्कार.

तुमची लेक होळकर सायन्स कॉलेजात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अर्धपोटी मेंढी माजावर का येत नाही, यावर तिला पुढे संशोधन करायचंय आणि घरचे विचारतायत, "मेंढरं वळणार का आता?" मल्हारराव होळकरांच्या इंदुरात राहून हा प्रश्न! असो.

विषय आधी समजून घ्या, म्हणजे लेकीशी नीट बोलता येईल. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधून जीएनआरएच नावाचं हार्मोन राहून राहून, झटक्याझटक्याने सुटतं. प्रत्येक झटक्यासरशी मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी एलएच हे दुसरं हार्मोन रक्तात सोडते आणि त्यावर अंडाशयाचं काम चालतं. मेंढीची उपासमार झाली की हे झटके विरळ होतात. गंमत म्हणजे पिट्युटरी तेव्हाही धडधाकट असते; बाहेरून ठरावीक वेळाने जीएनआरएच टोचलं तर ती एलएच सोडते. म्हणजे गाडी मेंदूतच अडलेली. अंगावरची चरबी घटली की चरबीतून सुटणारं लेप्टिन हे हार्मोन घटतं, भूक चेतवणारं न्यूरोपेप्टाइड वाय वाढतं आणि जीएनआरएचला चालना देणारं किसपेप्टिन मंदावतं. विणीच्या हंगामाआधी खुराक वाढवला की जुळी जास्त होतात, हे मेंढपाळांना पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. कारण आत्ता कुठे उलगडतंय.

मेंढीच का? तिच्या मानेच्या शिरेतून दर दहा मिनिटांनी रक्त घेऊन एकेक झटका मोजता येतो. इवल्याशा उंदराच्या बाबतीत हे फार कठीण. रॉजर गिलेमिन यांनी तर मेंढ्यांच्या लाखो मेंदूंमधूनच जीएनआरएच वेगळं काढलं. १९७७च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

आता पोटापाण्याचं. फक्त मेंढीच्या मेंदूवर काम करायच्या नोकऱ्या थोड्याच, हे मी लपवणार नाही. पण हार्मोनच्या चाचण्या, जनावर हाताळणं आणि संख्याशास्त्र अंगवळणी पडलेल्या माणसाला आयव्हीएफ लॅब, पशुखाद्य कंपन्या, औषध कंपन्या दारं उघडतात. इंदुराजवळची पिथमपूरची औद्योगिक वसाहत काही लांब नाही. संशोधनात राहायचं तर एमएस्सीनंतर नेट-जेआरएफ ही फेलोशिपची परीक्षा. २०२३पासून फेलोशिप महिना ३७,००० रुपये आहे, वर घरभाडं. मेंढ्यांवर काम करणारी मोठी सरकारी संस्था राजस्थानात अविकानगरला, पशुपोषण आणि शरीरक्रियेची बंगळुरूला. या दोन्हींच्या वेबसाइट तिलाच चाळू द्या.

महूचं व्हेटर्नरी कॉलेज तुम्ही सुचवलंय. पण त्यासाठी पुन्हा 'नीट' ही प्रवेशपरीक्षा, मग इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. आजारी जनावर बरं करायची ओढ असेल तरच तो रस्ता. आधी मारवाडातून माळव्यात कळप घेऊन येणाऱ्या मेंढपाळांकडे तिला दोन दिवस घालवू द्या. लेंड्यांचा वास, अंगावर येणारा मेंढा, पहाटेचं धार काढणं, सगळं बघू दे. परतल्यावर ती कशाबद्दल बोलते, तेवढं ऐका.

आणखी एक. पत्राच्या शेवटी तुम्ही ओझरतं लिहिलंय की अभ्यासापायी ती दुपारचं जेवत नाही, बारीक झालीय, तीन महिने पाळीही चुकलीय. ताई, माझ्या मते पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच. कारणं इतरही असू शकतात, पण बाईच्या मेंदूतही हीच यंत्रणा असते आणि पोटाला कमी पडलं की ती अशीच हात आखडते. या आठवड्यातच स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. कॉलेज निवडायला वर्ष पडलंय.