नवरा गॅस बंद आहे का हे वीस-वीस वेळा बघतो. हा ओसीडी (मंत्रचळ, म्हणजे नकोशा शंकांपायी तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा आजार) का? उपाय काय?

यात रोज तासभर जात असेल किंवा कामाला उशीर होत असेल, तर शक्यता बरीच आहे. बटण बंद आहे हे त्याला दिसतं, पटतंही. 'पण नसेल तर?' एवढं मात्र सुटत नाही. जितक्यांदा बघावं तितका स्वतःच्या आठवणीवरचा भरवसा उडत जातो, म्हणून 'एकदाच नीट बघून घे' हा सल्ला कुचकामी.

मुख्य उपचार ईआरपी, म्हणजे भीतीला सामोरं जाऊन नेहमीची कृती टाळायचा सराव: शंका येऊ द्यायची, पण तपासायचं नाही. थेरपिस्टबरोबर किती घालमेल होते त्यानुसार प्रसंगांना ० ते १०० गुण द्यायचे आणि ३०-४० गुणांच्या प्रसंगापासून सुरुवात करायची. चहा झाला, बटण एकदा बंद केलं, की थेट बाहेरच्या खोलीत. घालमेल होईलच. बहुतेकदा ती ओसरते. नाही ओसरली तरी न बघता राहता आलं, हीच कमाई.

घोडं अडतं ते चोरट्या तपासण्यांपाशी: मोबाइलमध्ये बटणाचा फोटो, मनातल्या मनात 'बंद केलंय' घोकणं आणि तुम्हाला विचारणं. तुमचं 'हो रे, बंद आहे' हेही त्यातलंच. ते एकदम तोडू नका. आधी दोघांनी ठरवून कमी करा.

औषधं म्हणजे सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन वगैरे. डोस नैराश्यापेक्षा बहुधा जास्त लागतो आणि पुरता परिणाम कळायला ८ ते १२ आठवडे जातात. तिसऱ्या आठवड्यात 'काही फरक नाही' म्हणून सोडणारे पुष्कळ. बरं वाटल्यावरही साधारण वर्षभर चालू ठेवतात. मनानं बंद करू नये. कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर आहे.