वावरात कॅराव्हॅन उभ्या करायच्या तर आधी काय बघायचं?

प्रश्न : नमस्कार भाऊ, आम्ही चिमूर तालुक्यातले. ताडोब्याच्या कोलारा गेटकडे जाणाऱ्या रोडवरून पांदणीनं आत गेलं का आमचं चार एकर वावर आहे, तीन एकर खालची काळी अन् वरचा एक एकर बरड म्हणजे हलकी मुरमाड जमीन, बरडात तीन मोहाची झाडं अन् बोअर. मागच्या हिवाळ्यात पुण्याची दोन कुटुंबं आपल्या घरासारख्या गाड्या, म्हणजे कॅराव्हॅन, घेऊन आली, रात्रभर इथं लावू देता का म्हणून विचारलं, आम्ही हो म्हटलं, पैसे मागितले नव्हते पण जाताना देऊन गेले. तेव्हापासून डोक्यात आहे का पाच-सहा गाड्यांची जागा करावी, संडास-बाथरूम, पाणी अन् लाईटचे पॉइंट, बस. हॉटेल-रिसॉर्ट काही नाही. ग्रामसेवक म्हणतात ग्रामपंचायतचा ठराव घ्या, काम झालं. तलाठी म्हणतात एनए, म्हणजे बिगरशेतीची परवानगी, लागते. भाचा इंग्लंडमध्ये आहे, तो म्हणतो तिकडं पाच गाड्यांपर्यंत परमिशनच लागत नाही. मुरूमाच्या ट्रिपा सांगून ठेवल्या आहेत, टाकू का?

उत्तर : भाऊ, मुरूम थांबवा. आजच फोन करून सांगा का महिनाभर नको. आमच्या चुलतभावानं हेच उलटं केलं होतं, आधी मुरूम, मग सिमेंटचे ओटे, मग बोर्ड, अन् अर्ज सगळ्यात शेवटी, तोवर कोणीतरी तक्रार केली, नोटीस आली, आता ते ओटे तसेच पडून आहेत, त्यावर तूर वाळवतात. दीड वर्षाची कमाई त्यात गेली हे मी डोळ्यानं पाहिलं म्हणून इतकं कळकळीनं सांगून राहिलो.

भाच्याचं म्हणणं खोटं नाही पण अर्धं आहे. तिकडं १९६० चा कॅराव्हॅनचा कायदा आहे, त्यात मान्यता मिळालेला कॅराव्हॅन क्लब एखाद्या शेतकऱ्याची जागा बघून सर्टिफिकेट देतो, मग एका वेळी पाच गाड्या उभ्या राहू शकतात, त्याही त्याच क्लबच्या मेंबरच्या. म्हणजे सूट आहे ती क्लबनं जबाबदारी घेतली म्हणून, गाड्या कमी आहेत म्हणून नाही. आपल्याकडं असा पाच गाड्यांचा नियम नाही.

आता तुमचं. तुमच्या जागेत कागदाच्या आधी अंतराचा प्रश्न आहे. ताडोबा-अंधारीभोवती केंद्र सरकारनं २०१९ मध्ये इको-सेन्सिटिव्ह झोन, म्हणजे जंगल जपायसाठी त्याच्याभोवती आखलेला पट्टा, जाहीर केला, आणि अशा झोनमध्ये संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून १ किलोमीटरच्या आत नवीन कमर्शियल हॉटेल-रिसॉर्ट चालत नाही, निसर्ग पर्यटनासाठीच्या छोट्या तात्पुरत्या बांधकामांना तेवढी मोकळीक आहे. पलीकडं झोनच्या शेवटापर्यंत जे करायचं ते पर्यटन आराखड्याला धरून. लोक काय करतात, गेटपासून मोटरसायकलचं मीटर लावून मोजतात अन् म्हणतात आम्ही तर तीन किलोमीटर दूर आहोत. गेट म्हणजे हद्द नाही. हद्द नकाशावर असते अन् ती तुमच्या धुऱ्यापासून चारशे मीटरवरही निघू शकते. म्हणून पहिला अर्ज वनविभागाला करा, गट नंबर टाकून, सोबत सातबारा अन् मोजणीचा नकाशा जोडून : माझा गट झोनमध्ये येतो का, हद्दीपासून किती अंतरावर, अन् पाच गाड्या उभ्या करायला हरकत आहे का. उत्तर लेखी घ्या, तोंडी होकारावर एक रुपया खर्च करू नका.

हे उत्तर हातात आलं का मग सातबारा बघा. भोगवटादार वर्ग १, म्हणजे पूर्ण हक्काची जमीन असेल तर सोपं, वर्ग २, म्हणजे सरकारच्या अटींवरची असेल तर कलेक्टरच्या परवानगीशिवाय वापर बदलता येत नाही. आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर बाहेरच्या पार्टनरला भाड्यानं द्यायचं मनातही आणू नका, तिथं कायदा कडक आहे अन् तो असायलाच पाहिजे. तुमच्या भावांची-आईची नावं सातबाऱ्यावर असतील तर संमतीपत्र आत्ताच करून घ्या, धंदा सुरू झाल्यावर भाऊ बदलत नाहीत पण त्यांचे हिशेब बदलतात. सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा असेल तर त्यांनाही विचारा.

ग्रामसेवक अन् तलाठी दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. ठराव पाहिजेच, संडास-बाथरूमच्या बांधकामाचं ग्रामपंचायतीला सांगावंच लागते, पण ठरावानं शेतीची जमीन बिगरशेती होत नाही. पैसे घेऊन गाड्या उभ्या करणं हा महसूलच्या भाषेत अकृषिक वापर. एनएच्या पद्धतीत सरकार सारखे बदल करून राहिलं आहे, त्यामुळं पाच वर्षांपूर्वी शेजाऱ्यानं केलेल्या फाईलची झेरॉक्स घेऊन जाऊ नका, तहसीलमध्ये आज काय लागते ते लेखी विचारा. जागा प्रादेशिक योजनेत कोणत्या झोनमध्ये आहे हे नगररचनाच्या ऑफिसातून काढा, शेती झोनमध्ये काय चालते ते बांधकामाच्या २०२० च्या एकत्रीकृत नियमावलीत लिहिलेलं आहे.

राज्याची दोन धोरणं तुमच्या कामाची आहेत, २०२० चं कृषी पर्यटन अन् २०२१ चं कॅराव्हॅन पर्यटन. दोन्हीची नोंदणी पर्यटन संचालनालयात, आपल्याला नागपूरचं ऑफिस पडते. मला विचाराल तर तुम्ही कृषी पर्यटनातून जा. त्याला एक एकर जमीन पुरते, आठ खोल्यांपर्यंत मुभा आहे, अन् मुख्य म्हणजे तुम्ही कास्तकार राहता, उद्या गाड्या आल्या नाहीत तरी सोयाबीन आहेच. फक्त एवढं लक्षात ठेवा का नोंदणीचं सर्टिफिकेट भिंतीवर लावलं म्हणजे इको-सेन्सिटिव्ह झोनचा नियम अन् एनए सुटत नाही, बरेच लोक इथंच फसतात.

आता जागेचं, अन् हे मला जास्त महत्त्वाचं वाटते. गाड्या बरडावरच लावा, काळ्या मातीत अजिबात नाही. काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा टाकते अन् जुलैमध्ये चाक अर्धं गिळते, अडीच-तीन टनाची गाडी ट्रॅक्टरनं ओढायची वेळ येते. संडासाचं पाणीही तसंच, काळ्या मातीत शोषखड्डा काम करत नाही, पाणी पीतच नाही ती. खड्डा खणायच्या आधी टेस्ट करा : बरडात अन् काळ्यात दोन-दोन फुटाचे खड्डे करा, दोन्हीत एकेक ड्रम पाणी टाका, सकाळी जाऊन बघा. आमच्याकडं बरडातलं रातोरात उतरलं, काळ्यातल्या खड्ड्यात तिसऱ्या दिवशी बेडूक बसले होते. सेप्टिक टँक बोअरपासून जेवढा दूर अन् उताराला ठेवता येईल तेवढा ठेवा, गाड्यांच्या टाकीतला मैला ओतायला वेगळं झाकणाचं तोंड ठेवा, नाहीतर लोक नाल्यात सोडून जातील अन् नाव तुमचं खराब होईल.

मोहाची झाडं तोडू नका. तशीही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, पण सावलीसाठी म्हणून गाड्या मोहाखाली लावायचा मोह होईल तोही टाळा. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे फुलं पडतात, ती खायला अस्वल येते, अन् गावातल्या बाया टोपल्या घेऊन त्याच वेळी वेचायला येतात. तिथं गाड्या लावल्या तर त्या बायांचा हक्काचा हंगाम जाईल अन् पाहुण्यांच्या जीवालाही धोका. तारेच्या कुंपणात डायरेक्ट करंट सोडायचा नाही हे तुम्हाला सांगायला नको, आपल्या भागात माणसं अन् वाघ दोन्ही त्यानं मेले आहेत.

लाईटचं एक. शेतीपंपाच्या मीटरवरून गाड्यांना पॉइंट देऊ नका, वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दरानं वसुली होते. महावितरणकडं वेगळं कमर्शियल कनेक्शन मागा. जेवण देणार असाल तर अन्नसुरक्षेची एफएसएसएआयची नोंदणी, अन् परदेशी पाहुणा मुक्कामाला आला तर २४ तासांच्या आत ऑनलाइन माहिती द्यावी लागते.

शेवटचं, पांदण. ती तुमच्या एकट्याची नाही. ज्यांच्या धुऱ्यावरून गाड्या जाणार त्या चार-पाच घरांना अर्जाच्या आधी घरी बोलवा, चहा द्या, हंगामात बैलगाडी-ट्रॅक्टरला आधी वाट असं कबूल करा अन् कागदावर लिहून द्या. चुलतभावाची तक्रार पांदणीवरूनच झाली होती.

प्रश्न : मी मेळघाटाच्या पायथ्याशी राहते. आमच्या वावराला लागून असाच एक कॅम्प सुरू झाला, रात्री बारापर्यंत मोठ्यानं गाणी अन् जंगलाकडं तोंड करून फोकस. रात्री पीक राखायला जागलीला गेलेल्या माझ्या मालकांना काही ऐकू येत नाही, डुकरं कधी वावरात शिरली कळत नाही. कुठं सांगायचं?

उत्तर : ताई, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर लावायला २००० च्या ध्वनी प्रदूषण नियमांनी बंदी आहे, वाजत असतानाच ११२ ला फोन करा. दोन-तीन रात्रींच्या तारखा अन् वेळ वहीत लिहा, मोबाईलवर व्हिडिओ काढा ज्यात आवाज अन् लाईट दोन्ही येतील, अन् एकच अर्ज तीन ठिकाणी द्या : ग्रामपंचायत, तहसीलदार अन् वनपरिक्षेत्र अधिकारी. तहसीलदारांच्या अर्जात एक ओळ जास्त टाका का या जागेची अकृषिक परवानगी आहे का ते तपासावं. तुमचं गाव धारणी किंवा चिखलदरा तालुक्यात असेल तर ते अनुसूचित क्षेत्र आहे, तिथं पेसा कायद्यानं, म्हणजे आदिवासी भागातल्या पंचायतींच्या कायद्यानं, ग्रामसभेला वजन आहे, पुढच्या ग्रामसभेत विषय घ्यायला लावा अन् प्रोसिडिंगमध्ये लिहिला गेला का ते सही करायच्या आधी वाचून बघा. प्रत्येक अर्जाची पोच सही-शिक्क्यासह घ्या.