फ्रान्सहून आलेले कोरडे पत्र

प्रश्न : माझे पणजोबा खडकीच्या सॅपर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या अभियंता दलात, होते व पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेले होते. त्यांचे १९१५ सालचे एक मोडी पत्र आमच्याकडे आहे. त्यात खुशाली, बैलांची चौकशी आणि मनिऑर्डर पोहोचली का, एवढेच आहे. विशीतल्या मुलाला आईवडिलांना लढाईबद्दल काहीच सांगावेसे वाटले नसेल का? — एक वाचक, सातारा

उत्तर : सांगण्यासारखे पुष्कळ होते. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी फ्रान्समधील नव्ह शापेल या गावी खडकीच्या २० व २१ क्रमांकाच्या कंपन्यांना पायदळाप्रमाणे हल्ल्यात उतरवण्यात आले आणि त्यांची जबर हानी झाली. परंतु हे पत्र मुलाने लिहिले व आईवडिलांनी वाचले, असे आपण धरून चालतो, तिथेच गफलत होते. बहुतेक शिपायांना लिहिता येत नसल्यामुळे मजकूर एखाद्या साक्षर सोबत्याला सांगावा लागे. पुढे पत्रे पलटणीतल्या अधिकाऱ्याच्या नजरेखालून जात, आणि १९१४ च्या अखेरीपासून ई. बी. हॉवेल यांच्या देखरेखीखाली फ्रान्समधील बुलोन येथे हिंदी टपालाची वेगळी तपासणी होत असे. गावी पोहोचल्यावरही ते वाचून दाखवणारा बहुधा परकाच. इतक्या कानांदेखत मुलगा आईला काय सांगणार?

तरीही काहींनी वाटा काढल्या. हिंदी शिपायांसाठी ‘काळी मिरी’ आणि गोऱ्यांसाठी ‘लाल मिरी’ असे शब्द पत्रांत येत. काळी मिरी संपत आली, म्हणजे काय ते घरच्यांनी ओळखायचे. तपासनिसांनाही ते ओळखता येत होते, ही गोष्ट वेगळी. म्हणून आपल्या पत्रातील जिन्नसांचे उल्लेख पुन्हा एकदा पाहावेत, मात्र प्रत्येक बैलात गुपित शोधू नये. घरचा बैल हा बहुतेक वेळा बैलच असतो.

तपासणीत टिपलेले उतारे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, पण ते इंग्रजी भाषांतरात; मूळ पत्रे सहसा पुढे घरी रवाना होत आणि घरांतूनच ती नाहीशी झाली. त्यामुळे आपल्याजवळचा कागद अभ्यासकांनाही दुर्मीळ वाटेल. मोडीच्या जाणकाराकडून मजकुराचे व सहीचे वळण ताडून घ्यावे. दोन्ही हात वेगळे निघाले, तर पणजोबांनी पत्र सांगून लिहवले, असे मानायला आधार मिळेल.