गालिच्यावरचं तळं, कुरतडलेली चप्पल
नवं कुत्रं घरात आलेल्या वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

अडीच महिन्यांचं पिल्लू आणून तीन आठवडे झाले. दर दोन तासांनी बाहेर नेतो. बाहेर वीस मिनिटं नुसतं हुंदडतं आणि घरात आलं की गालिच्यावर शू करतं. दोन-तीनदा चांगलं रागावलो, तर आता पलंगाखाली जाऊन करतं. हे मुद्दाम चाललंय का?

मुद्दाम नाही. बाहेर वासांची आणि आवाजांची इतकी गर्दी असते की पिल्लाला शू लागल्याचं भानच राहत नाही. घरात येऊन अंग सैल झालं की मग जाणवतं. दुसरं कारण बऱ्याचदा आपल्याच सवयीत असतं. बाहेर शू झाली रे झाली की आपण त्याला उचलून घरात आणतो. चार-सहा वेळा असं झालं की पिल्लू शिकतं, शू केली की मजा संपते. मग ते शू धरून ठेवतं. तिसरं कारण तुम्हीच लिहिलंय, रागावणं. पिल्लाला 'गालिच्यावर करू नये' हे त्यातून कळत नाही. 'या माणसांसमोर करू नये' एवढंच कळतं. म्हणून पलंगाखाली. आणि म्हणूनच पट्ट्याचं दुसरं टोक तुमच्या हातात असताना बाहेरही नाही.

रागावणं आजपासून पूर्ण बंद करा. पिल्लाला दर वेळी त्याच जागी न्या. पट्टा दीड मीटरच्या आत ठेवा आणि खांबासारखे उभे राहा. बोलू नका, खेळू नका. पाच मिनिटं थांबा. शू झाली की संपता संपता हळू आवाजात शाबासकी द्या आणि दोन सेकंदांच्या आत, तिथेच, खाऊचा नखाएवढा तुकडा द्या. दारातून आत आल्यावर दिलेला खाऊ पिल्लाच्या हिशेबी आत येण्याबद्दल असतो, म्हणून तो खिशातच हवा. त्यानंतर दहा मिनिटं खेळ. खेळ नेहमी शू झाल्यावर.

पाच मिनिटांत काही झालं नाही तर आत आणा, पण मोकळं सोडू नका. मांडीवर घ्या, पट्टा कमरेला बांधून जवळ ठेवा किंवा क्रेटमध्ये, म्हणजे कुत्र्यांसाठीच्या जाळीच्या पिंजऱ्यात, ठेवा. दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा त्याच जागी. कधी कधी चार फेऱ्या होतात. सगळे कंटाळतात ते इथेच, आणि गालिचा भिजतो तोही इथेच. क्रेटमध्ये पिल्लाला उभं राहता, वळता आणि पाय पसरून झोपता यावं, इतकीच जागा ठेवा. मोठ्या क्रेटमध्ये ते एका कोपऱ्यात झोपतं आणि दुसऱ्यात शू करतं. क्रेट मोठाच असेल तर मध्ये फळी लावा.

दर दोन तासांचं वेळापत्रकही बदला. वय जितके महिने त्यात एक मिळवा, तितके तास पिल्लू फार तर धरू शकतं, असा एक ढोबळ हिशेब आहे. पण तो शांत पडून असलेल्या पिल्लाचा. जागं आणि खेळणारं पिल्लू अर्ध्या-पाऊण तासातही करतं. म्हणून घड्याळ ठेवाच, पण त्याहून पिल्लाच्या दिवसाकडे पाहा: झोपेतून उठल्याबरोबर, खाल्ल्यावर पाच ते तीस मिनिटांत, खेळ रंगात असताना मध्येच एकदा आणि झोपण्यापूर्वी. जेवण ठरलेल्या वेळी दिवसातून तीनदा द्या आणि वीस मिनिटांनी भांडं उचला. पाणी दिवसा कधीही तोडू नका. चार-पाच दिवस खाणं, झोप, शी, शू यांच्या वेळा कागदावर लिहा. पिल्लाचं वेळापत्रक त्यातूनच दिसायला लागतं. रात्री एक-दोनदा उठावं लागेल. तेव्हा मोठा दिवा लावू नका, गप्पा नकोत. बाहेर, शू, परत अंथरूण.

आणि त्याच्याकडे बघायला शिका. दातात खेळणं धरून झटापट चाललेली असते आणि मध्येच तोंडातून खेळणं गळून पडतं. नाक जमिनीला लागतं, चाल बदलते, एक अर्धी गिरकी होते, मग दुसरी. इथून गालिचा ओला व्हायला पाच-सात सेकंद असतात. तेवढ्यात उचलून बाहेर नेलंत तर त्या दिवसाचा सगळ्यात मोलाचा धडा पदरात पडला. सुरू झाल्यावर दिसलं तर 'चल चल' म्हणत उचला. नंतर डबकं सापडलं तर फक्त पुसा. नाक त्यात घासणं, वर्तमानपत्राची सुरळी उगारणं यातून काहीही शिकवलं जात नाही.

'पण त्याला चूक कळते, तोंड पाडून बसतं,' असं पुष्कळ जण कळवतात. कुत्र्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९मध्ये हेच तपासलं. तो अपराधी चेहरा कुत्र्याने चूक केली होती की नाही यावर अवलंबून नव्हता, मालक रागावला की नाही यावर होता. पडलेले कान आणि चुकवलेली नजर म्हणजे 'शांत व्हा' अशी विनवणी असते.

सलग चार आठवडे एकही चूक झाली नाही की आणखी एक खोली मोकळी करा. बहुतेक पिल्लं सहा महिन्यांच्या आसपास भरवशाची होतात. छोट्या जातींना जास्त वेळ लागतो.

कुत्रा घरात त्याच जागी पुन्हा पुन्हा शू करतो. फिनाइलनेही फरक पडत नाही.

फिनाइलचा वास आपल्या नाकाला झाकतो, कुत्र्याच्या नाही. शिवाय ते पंजांना लागतं आणि चाटताना पोटात जातं. अमोनिया असलेले क्लीनर तर टाळाच, कारण त्यांचा वास लघवीसारखाच असतो. ब्लीच लघवीवर ओतू नका, त्यातून घातक वायू निघतो.

ताजं असेल तर आधी जुन्या टॉवेलवर उभं राहून दाबून टिपा. घासलंत तर ते आणखी आत जातं. मग प्राण्यांच्या डागांसाठी मिळणारा एन्झाइमचा (लघवीतले घटक तोडणारा) क्लीनर ओता. शिंपडून भागत नाही, कारण लघवी जितकी खोल गेली तितका तो खोल जायला हवा. गादी असेल तर भरपूर लागतो. पाकिटावर लिहिलेला वेळ तो ओला राहू द्या आणि आपोआप वाळू द्या. त्याआधी दुसरं रसायन वापरलं असेल तर साध्या पाण्याने काढून टाका, नाहीतर एन्झाइम निकामी होतात. जुने डाग अंधारात अतिनील टॉर्चने दिसतात. आपल्याला दोन माहीत असतात, टॉर्चखाली सात निघतात. जागा वाळली की काही दिवस कुत्र्याचं जेवणाचं भांडं तिथेच ठेवा. खायच्या जागी कुत्रं सहसा घाण करत नाही.

लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला वर्तमानपत्रावर शी-शू करायला शिकवलं. आता चार महिन्यांचं आहे, तर पायपुसणं, पडलेला कागद, काहीही चालतं. बाहेर मात्र नाही.

पिल्लाची आवड ठरते ती पायाखाली काय लागतं त्यावरून, आणि ती फार लहानपणी पक्की होते. तुमच्या पिल्लाला पातळ, कोरडं, शोषून घेणारं काहीतरी हवं असतं. पायपुसणी आणि छोटे गालिचे महिनाभर उचलून ठेवा. एकच कागद ठेवा आणि तो रोज वीतभर दाराकडे सरकवा. एकदम खोली बदलली तर ते जुन्या जागीच जाईल. कागद दाराबाहेर पोचला की थोडा शू लागलेला तुकडा बाहेरच्या ठरलेल्या जागी दगडाखाली दाबून ठेवा. तो दर दोन-तीन दिवसांनी लहान करा. एक दिवस नुसता दगड उरतो आणि काम होतं.

पुढचं पिल्लू आणाल तेव्हा कागदाऐवजी ट्रेमध्ये गवताचा तुकडा ठेवा. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो, म्हणून पिल्लांच्या लसमालिकेतला शेवटचा डोस होईपर्यंत अनोळखी कुत्र्यांच्या वावराची जागा टाळावीच लागते. हा डोस साधारण सोळा आठवड्यांना किंवा त्यानंतर असतो.

सात महिन्यांचा कुत्रा. चपला, सोफ्याचा हात, काल टीव्हीचा रिमोट. दुधाचे दात पडले की थांबेल असं ऐकलं होतं.

दुधाचे अठ्ठावीस दात साधारण साडेतीन-चार महिन्यांपासून पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत कायमचे बेचाळीस येतात. म्हणजे हिरड्यांची ठसठस आता संपत आली. पण पौगंडावस्थेत चावण्याची दुसरी लाट येते, ती वर्ष-दीड वर्षापर्यंत चालते. या वयात चावणं ही त्याची गरज आहे. चावायचं काय, एवढंच आपण ठरवू शकतो.

आधी रिमोटबद्दल, कारण हे तातडीचं आहे. बॅटऱ्या मोजा. एखादी कमी असेल तर लगेच प्राण्यांच्या डॉक्टरांकडे जा. बटणासारखी बॅटरी अन्ननलिका काही तासांत जाळते. घरी उलटी करवू नका. हेच साखरविरहित च्युइंगममधल्या झायलिटॉल या गोडव्याच्या पदार्थाबाबत आणि चॉकलेटबाबत: थोडंसं दिसतं म्हणून वाट पाहू नका. पायमोजा, कापड किंवा रबर गिळल्याची शंका असेल आणि वारंवार उलट्या, खाणं बंद, शी बंद असं दिसलं तर आतडं अडलेलं असू शकतं. दोरा तोंडातून किंवा गुदद्वारातून लोंबत असेल तर ओढू नका, आतडं चिरतं.

आता चावण्याकडे. तोंड पोचेल तिथलं सगळं महिनाभर उचला, वायरी नळीत घाला, आणि लक्ष ठेवता येत नसेल तेव्हा त्याला एकाच सुरक्षित खोलीत ठेवा. जुनी चप्पल खेळायला देऊ नका, त्याला जुनी आणि नवी यातला फरक कळत नाही. चावायची वस्तू अंगठ्याच्या नखाने दाबली तर किंचित दबायला हवी. न दबणारी वस्तू दाढ फोडते. शिजवलेली हाडं नकोतच, त्यांचे टोकदार तुकडे होतात. पाच-सहा वस्तू ठेवा, एका वेळी दोन बाहेर. तीन दिवसांनी बदललं की जुनंच नवं होतं.

सगळ्यात उपयोगी पडतं ते पोकळ रबरी खेळणं. त्याच्या रोजच्या जेवणातलेच दाणे भिजवून त्यात भरा. पहिले काही दिवस सैल भरा, लगेच बाहेर पडतील असे. जमायला लागलं की दाबून भरून गोठवा. एकदम कडक गोठलेलं दिलंत तर तो दोन मिनिटांत सोडून सोफ्याकडे वळतो आणि 'आमच्याकडे चालत नाही' असं आपण ठरवून टाकतो.

तोंडात चप्पल दिसली की मागे धावू नका. धावलात की खेळ झाला. हिसकावलंत तर पुढच्या वेळी तो पटकन गिळेल किंवा गुरगुरेल. खाऊचे तीन-चार तुकडे जमिनीवर टाका. तो खायला वळला की वस्तू उचला आणि लगेच त्याची हक्काची वस्तू द्या. कडू स्प्रे काही कुत्र्यांवर चालतो, काहींवर अजिबात नाही. चालला तरी रोज मारावा लागतो.

फिरणं वाढवाच, पण अंतर वाढवण्यापेक्षा हुंगायला मोकळीक द्या. आणि झोप बघा. संध्याकाळी वेड्यासारखा चावत सुटलेला कुत्रा बऱ्याचदा थकलेला असतो. त्याला आणखी पळवलं तर आणखी चेकाळतो. अंधाऱ्या शांत खोलीत चावायला काहीतरी देऊन ठेवा, दहा-पंधरा मिनिटांत घोरायला लागेल.

तीन वर्षांची कुत्री दत्तक घेतली. आम्ही असताना एकही चूक नाही. बाहेर पडलो की रडते, दार ओरबाडते, दारातच शू करते. क्रेटमध्ये ठेवलं तर तिने जाळी वाकवली.

क्रेट आजच बंद करा. घाबरलेली कुत्री त्यात दात आणि नखं तोडून घेते.

कंटाळा आणि एकटेपणाची भीती यांत गल्लत होते, म्हणून मोबाइल लावून पहिल्या अर्ध्या तासाचं चित्रण करा. कंटाळलेलं कुत्रं आधी झोपतं, मग फिरतं, उशी सापडली की फाडतं. घाबरलेलं कुत्रं दार लागल्याबरोबर येरझाऱ्या घालतं, धापा टाकतं, लाळ गाळतं, ठेवलेला खाऊ शिवतही नाही. ओरखडेही बोलतात: दाराच्या कडेला, कडीच्या उंचीवर, चौकटीपाशी असतील तर तिला बाहेर पडायचं होतं. तुमच्या वर्णनावरून भीतीच दिसते.

उपाय संथ आहे. किल्ली उचलणं, चप्पल घालणं या गोष्टी दिवसातून दहा-बारा वेळा करा आणि कुठेही जाऊ नका, म्हणजे त्यांचा धसका जातो. मग दाराबाहेर पाच सेकंद. ती शांत असतानाच परत या. पुढे दहा, सात, वीस, बारा सेकंद असं मागेपुढे करत वाढवा. सतत वाढतच गेलं तर तिला त्याचीच धास्ती बसते. धापा किंवा येरझाऱ्या दिसल्या तर तुम्ही फार पुढे गेलात, निम्म्यावर या. पहिली पाच मिनिटं गाठायला कित्येक आठवडे लागू शकतात. पुढे वेग येतो.

या काळात तिला सहन होईल त्यापेक्षा जास्त वेळ एकटं ठेवायचं नाही. ही अट जड आहे हे कळतं: शेजारी, नातेवाईक, पाळीपाळीने घरी राहणं, काहीतरी जमवावं लागतं. पण एक वाईट दुपार तीन आठवड्यांची कमाई घालवते. सोबतीला दुसरं कुत्रं आणू नका, तिला माणूस हवा असतो. महिनाभरात काहीच फरक नसेल तर डॉक्टरांशी औषधाबद्दल बोला. फ्लूऑक्सेटिन किंवा क्लोमिप्रामिन यासाठी दिलं जातं. त्याने ती गुंगत नाही, शिकण्याइतकी शांत होते. मात्रा डॉक्टरच ठरवतील.

पाहुणे आले की आमची पाच महिन्यांची पिल्ली शेपूट हलवत हलवत शू करते.

ही शिस्तीची चूक नाही, तिचं त्यावर नियंत्रणच नसतं. पाहुण्यांना सांगा: वाकू नका, डोक्यावर हात नेऊ नका, पाच मिनिटं तिच्याकडे बघूही नका. मग बाजूला बसून छातीखाली खाजवा. भेट शक्यतो बाहेर घडवा. रागावलात तर ती आणखी दबते आणि आणखी करते. वर्षभरात बहुतेकींचं थांबतं. थांबलं नाही, किंवा झोपेत अंथरूण ओलं होत असेल, तर सकाळची पहिली लघवी स्वच्छ डबीत घेऊन तपासून घ्या.