‘एकरी दहा क्विंटल’ हे अशुद्ध आहे का?

चोपडा तालुक्यातील एका वाचकाने दोन प्रश्न विचारले आहेत. ‘एकरी दहा क्विंटल कापूस झाला’, ‘सोळा एमएमची नळी टाकली आणि दीड-दीड फुटावर ड्रिपर बसवले’ अशा वाक्यांत इंग्रजी अमदानीतली मापे आणि दशमान मापे एकाच दमात येतात. लिहिताना ती सुधारून एका पद्धतीत आणावीत का, हा पहिला प्रश्न. ‘सहाफुटी’ म्हणतो तसे ‘दोनमीटरी’ का म्हणत नाही, हा दुसरा.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे, की बहुतेक ठिकाणी सुधारू नयेत. मात्र काही शब्द असे आहेत, की ज्यांच्या एकाच नावाखाली दोन वेगळी मापे नांदतात. तिथे लेखकाने थांबून नेमके परिमाण लिहिले पाहिजे.

आपल्याकडे प्रमाणित वजनमापांचा कायदा १९५६ साली झाला, १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले आणि ऑक्टोबर १९५८ पासून किलो-ग्रॅमची वजने टप्प्याटप्प्याने बाजारात आली. शेर आणि मण दुकानातून गेले, कारण दुकानदाराच्या तराजूतले लोखंडी वजनच बदलले आणि ते तपासायला सरकारी निरीक्षक येऊ लागला. शेर आता ‘शेरास सव्वाशेर’मध्ये उरला आहे. गवंड्याच्या हातातल्या टेपवर मात्र एका कडेला इंच आणि दुसऱ्या कडेला सेंटिमीटर अजूनही शेजारी शेजारी आहेत, आणि कोणती कडा वाचायची हे कायद्यापेक्षा त्याचा उस्ताद ठरवतो. बोलण्यात कोणते माप टिकले हे पाहायचे असेल, तर त्या त्या धंद्यातले मोजायचे साधन पाहावे.

रावेर-यावलकडच्या केळीच्या एका मळ्याचेच उदाहरण घेऊ. जमीन एकरात सांगतात. लागवड ‘पाच बाय पाच’ किंवा ‘सहा बाय पाच’ असते आणि तिथे ‘फूट’ हा शब्द उच्चारावाही लागत नाही. शेतीच्या माहितीपत्रकात हेच अंतर १.५ बाय १.५ मीटर असे छापलेले असते. ठिबकची नळी बारा किंवा सोळा एमएमची, ड्रिपर ताशी चार लिटरचा, विहीर साठ फुटांची, मोटर पाच किंवा साडेसात एचपीची आणि घडाचे वजन किलोत. यात गोंधळ कोणाचाच होत नाही, कारण यातले प्रत्येक माप त्या वस्तूच्या नावाचाच भाग होऊन बसलेले आहे.

हे नावपण किती पक्के आहे ते पीव्हीसी पाइपात दिसते. दुकानात सर्वसाधारणपणे ६३ मिलिमीटरच्या पाइपाला दोन इंची, ७५ च्या पाइपाला अडीच इंची, ९० च्या पाइपाला तीन इंची आणि ११० च्या पाइपाला चार इंची म्हणतात. गणिताने पाहिले तर ६३ मिलिमीटर म्हणजे जवळजवळ बरोबर अडीच इंच होतात. मिलिमीटरचा आकडा पाइपाच्या बाहेरच्या व्यासाचा आहे आणि इंचाचा आकडा आतल्या पोकळीच्या जुन्या ठोकळ मापाचा, म्हणून ही तफावत. तेव्हा एखाद्या संपादकाने शुद्धतेच्या हौसेने ‘अडीच इंची पाइप’ खोडून ‘६३.५ मिलिमीटरचा पाइप’ असे लिहिले, तर शेतकऱ्याला भलताच पाइप मिळेल.

बांधकामावरही तोच प्रकार आहे. सळई आठ, दहा किंवा बारा एमएमची येते; जुना सेंटरिंगवाला तिलाच अनुक्रमे अडीच, तीन आणि चार सूत म्हणतो, कारण एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. वाळू ब्रासने येते (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट), सिमेंटची गोणी पन्नास किलोची असते आणि भिंत नऊ इंची असते. हे सारे जसे बोलले जाते तसेच लिहावे.

आता जिथे थांबायचे ते शब्द.

गुंठा आणि आर हे त्यातले पहिले. गुंठ्याला आपण देशी समजतो, पण त्याचे आजचे माप तेहतीस फुटी साखळीवर बेतलेले आहे: ३३ गुणिले ३३ म्हणजे १,०८९ चौरस फूट, आणि असे चाळीस गुंठे मिळून ४३,५६० चौरस फुटांचा एकर. सातबाऱ्यावर मात्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर असतात. आर म्हणजे १०० चौरस मीटर आणि गुंठा म्हणजे सुमारे १०१.१७ चौरस मीटर. फरक इतका थोडा, की बोलताना दोन्ही एकच मानले जातात. शेतात ते चालूनही जाते. पण एका एकराला चाळीस आर धरले, तर जवळपास ४७ चौरस मीटर, म्हणजे पाचशे चौरस फूट हिशोबातून गळतात, आणि धुळ्या-जळगावच्या वेशीवर तेवढ्यात एक लहान घर उभे राहते. म्हणून उताऱ्यावरून लिहिताना ‘१ हेक्टर ६२ आर’ हे तसेच ठेवावे आणि हवे तर पुढे ‘सुमारे चार एकर’ असे जोडावे. त्यातला ‘सुमारे’ गाळू नये.

दुसरा शब्द तोळा. बारा माशांचा जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. जळगावच्या सराफ बाजारात आज भावफलक दहा ग्रॅमचा असतो आणि गिऱ्हाईक त्यालाच तोळ्याचा भाव म्हणते. यामुळे आजीच्या काळची पाच तोळ्यांची पोत आणि नातीसाठी घेतलेली पाच तोळ्यांची पोत यांत आठ ग्रॅमांहून अधिक अंतर पडते. जुन्या दागिन्याविषयी लिहिताना कोणता तोळा ते सांगणे भाग आहे.

खंडीचा घोळ मला सर्वांत मोठा वाटतो, आणि खानदेशाने तरी तो नीट समजून घ्यावा. धान्याची खंडी वीस मणांची. शेळ्या-मेंढ्यांची खंडी म्हणजे वीस नग. कापसाच्या व्यापारातली खंडी या दोन्हींहून वेगळी, ७८४ पौंडांची. मुंबईचा २८ पौंडांचा मण असे २८ मण. किलोत ती ३५६ भरते. शिवाय ती मोजते रुईला, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाला, तर शेतकरी जिनिंगवर नेतो तो सरकीसकटचा कापूस क्विंटलने विकला जातो. समजा, रुईचा भाव खंडीला ५७ हजार असला, तर तो क्विंटलला सुमारे १६ हजार झाला. पण हा आकडा कापसाच्या क्विंटलच्या भावाशेजारी ठेवून तुलना करणे चूकच, कारण मालच वेगळा आहे. बातमीत दोन्ही भाव येत असतील तर ‘रुई’ आणि ‘कापूस’ हे शब्द काटेकोरपणे वेगळे ठेवावेत आणि खंडीचे किलो एकदा कंसात द्यावेत.

तापमानाची सरमिसळ उलट अगदी निर्धोक आहे. भुसावळचे ऊन ४५ अंशांवर जाते ते सेल्सिअसचे आणि लेकराला १०२ ताप असतो तो फॅरनहाइटचा. दोन्ही आकडे एकाच घरात एकाच दिवशी बोलले गेले तरी कोणी फसत नाही. गंमत म्हणजे ‘एकशे दोन ताप’ यात अंश हा शब्द लागतही नाही.

दुसरा प्रश्न व्याकरणाचा आहे. नऊवारी, सहाफुटी, नऊइंची, पाचशेरी यांतला ‘ई’ प्रत्यय सहसा मराठीत पुरत्या मुरलेल्या शब्दांना लागतो, आणि तसा मुरलेला शब्द सामान्यरूपावरून ओळखता येतो: फूट-फुटाचा, इंच-इंचाचा, मण-मणाचा. मीटर आणि लिटर अजून ‘मीटरचा’, ‘लिटरचे’ असे प्रत्यय परस्पर घेतात, म्हणून ‘दोनमीटरी’ कानाला खटकते. कोणी यावर ‘हेक्टरी’ शब्द दाखवील. पण ‘एकरी’, ‘हेक्टरी’ यांतला ‘ई’ हा ‘माणशी’तल्यासारखा ‘दर’ या अर्थाचा आहे, आणि ‘हेक्टरी’ हे बहुधा ‘एकरी’च्या साच्यावरच घडले असावे. त्यामुळे ‘एकरी दहा क्विंटल’ हे व्याकरणानेही निर्दोष आहे. लिहिताना एवढेच पाहावे, की ‘फूट’मधला ऊ दीर्घ आणि ‘फुटी’, ‘फुटावर’ यांतला उ ऱ्हस्व; आणि संख्या अक्षरी असेल तर ‘सहाफुटी’ जोडून, अंकी असेल तर ‘६ फुटी’ असे सोडून लिहावे.