पील म्हणजे चेहरा सोलतात का?

प्रश्न : ताई, मी २६ वर्षांची, देवगडजवळच्या गावात राहते. कॉलेजात असताना पिंपल्स खूप यायचे, ते गेले पण गालांवर काळे डाग राहिलेत. मे महिन्यात लग्न आहे. पार्लरवाली म्हणते लग्नाच्या आठवडाभर आधी केमिकल पील करून टाक, ग्लो येईल. आई म्हणते चेहऱ्याला ॲसिड कसलं लावतेस, सोलून निघशील. फेब्रुवारीपासून आमच्या आंब्याच्या बागेत काम असतं, दिवस उन्हातच जातो. आणि मेडिकलमधून घेतलेलं एक क्रीम दीड वर्ष लावतेय, त्याने चेहरा उजळ वाटतो पण दोन दिवस नाही लावलं तर लाल होतो, आग आग होते. पील करू का?

उत्तर : अगं, पीलचं नंतर बघू, आधी ते क्रीम. ट्यूबवर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते आजच वाच. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल यातलं एखादं नाव असेल तर ते स्टिरॉइड आहे, जे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायचंच नसतं. महिनोन् महिने लावलं की त्वचा पातळ होते, बारीक लाल शिरा दिसायला लागतात, आणि बंद केलं की तू लिहिलंयस तशी आग होते. अशा पातळ झालेल्या त्वचेवर ॲसिड लावलं तर ते पाहिजे त्यापेक्षा खोल जातं आणि चेहरा भाजतो. म्हणून आत्ता पील अजिबात नको. क्रीमही आपल्या मनाने एकदम बंद करू नकोस, स्किनच्या डॉक्टरांना ट्यूब नेऊन दाखव, ते हळूहळू सोडवतील.

आता तुझ्या आईची शंका. सोलणं म्हणजे आंब्याची साल काढतात तसं नाही गं. आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो, खालून नवी पेशी वर येऊन गळून पडायला साधारण महिना लागतो. दिवाळीला आपण उटणं चोळतो तेव्हा हाच थर थोडा घासून निघतो, पील मात्र घासत नाही, या पेशी एकमेकींना चिकटून असतात ती पकड ॲसिडने सैल करतं, आणि मग तीन-चार दिवसांनी बारीक पापुद्रे सुटतात. ग्लायकोलिक ॲसिड उसात असतं, लॅक्टिक दह्यात, सॅलिसिलिक तेलात विरघळतं म्हणून छिद्रांत शिरतं आणि पिंपल्सवाल्यांना तेच जास्त देतात. मँडेलिक त्यातल्या त्यात सौम्य. पण दह्यात आहे म्हणून घरी दही-लिंबू लावून उन्हात जाऊ नकोस हं, लिंबाचा रस आणि ऊन एकत्र आलं की त्वचा भाजून काळे चट्टे उठतात.

दुखतं का? चेहरा स्वच्छ करून तेलकटपणा पुसतात, नाकाच्या, ओठांच्या कडांना व्हॅसलीन लावतात, मग ब्रशने ॲसिड. मुंग्या चावल्यासारखं चुणचुणतं. ग्लायकोलिक असेल तर डॉक्टर घड्याळ आणि तुझा चेहरा दोन्हीकडे बघत बसतात, काही मिनिटांत खायच्या सोड्याचं पाणी लावून ते थांबवावं लागतं, जरा जास्त राहिलं तरी भाजतं. सॅलिसिलिकचं तसं नाही, त्याची पांढरी पूड चेहऱ्यावर उमटते आणि ते आपलं आपण थांबतं. म्हणून पार्लरमध्ये विचार, कुठलं ॲसिड, किती टक्के, आणि भाजलं तर कोण बघणार. उत्तर नाही आलं तर उठून ये.

आंबा काढताना देठाचा चीक हातावर उडाला की काय होतं ते तुला मी सांगायला नको, आधी आग, मग खपली, आणि खपली पडल्यावर जो काळा डाग राहतो तो कित्येक महिने हलत नाही. आपल्या सावळ्या त्वचेला कुठे भाजलं, सुजलं की तिथे रंग जास्त तयार होतो. तुझे पिंपल्सचे डाग म्हणजे हेच, आणि चुकीचं पील झालं तर तेही हेच. पीलनंतरची नवी त्वचा तर उन्हाला फारच हळवी असते, आणि तू एप्रिलच्या उन्हात पेट्या भरायला उभी राहणार, मग डाग जायचे सोडून दुप्पट होतील. एका सिटिंगमध्ये काम होतही नाही, दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने चार-सहा लागतात. लग्नाच्या आठवडाभर आधी पहिलंच पील करणं मला तरी पटत नाही, हळद लागायच्या दिवशी पापुद्रे सुटत असतील तर काय करशील?

मेपर्यंत क्रीम सोडव, रोज एसपीएफ ३० किंवा त्याच्या वरचं सनस्क्रीन दर दोन-तीन तासांनी लाव, डोक्यावर रुंद कडांची टोपी घाल आणि तोंडाला सुती ओढणी गुंडाळ. एवढ्यानेही डाग फिके होताना दिसतील. पील पावसाळ्यात, बागेचं काम संपल्यावर. तेव्हा दिवस गेलेले असतील तर डॉक्टरांना आधी सांग, सॅलिसिलिक पील त्यात टाळतात.

प्रश्न : मी हर्णैचा, वय ४५, बोटीवर असतो. गालांवर आणि कपाळावर काळसर वांग आहेत, मानही काळी पडलीय. मुलगी म्हणते शहरात मशीनने हिरा फिरवून चेहरा पॉलिश करतात. पुरुषांना चालतं का?

उत्तर : चालतं की दादा, पण तुमच्या कामाचं नाही. त्या मशीनच्या टोकाला हिऱ्याची बारीक कच असते, ती वरवरचा थर घासते आणि सुटलेलं आत ओढून घेते. तेवढ्यापुरता चेहरा तुकतुकीत दिसतो. वांगाचा रंग त्याहून खोल असतो, आणि जोरात घासलं तर उलट गडद होतो. तुम्हाला ऊन वरूनही लागतं आणि पाण्यावरूनही, तेव्हा सनस्क्रीन आणि टोपी आत्तापासूनच, आणि जूनमध्ये बोटी वर ओढल्या की डॉक्टरांकडे जाऊन या. मानेची कातडी काळी तर आहेच पण हाताला जाड, मखमलीसारखी लागत असेल तर ते उन्हाचं नाही, मधुमेहाकडे झुकत असल्याची खूण असू शकते, पॉलिशचे पैसे राहू देत, याच आठवड्यात उपाशीपोटी साखर तपासून घ्या.