व्हिटॅमिन डी एका लॅबमध्ये 17, दुसरीत 24 : कोणता रिपोर्ट खरा?

तुम्ही विचारलंय, आईंचं व्हिटॅमिन डी कोथरूडच्या लॅबमध्ये 17 (नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर) आलं आणि आठवड्याने हडपसरला 24, तर कोणती लॅब चुकली? मी पुण्यातच एका लॅबच्या बायोकेमिस्ट्री विभागात काम करते. बहुधा कोणीच चुकलेलं नाही.

आधी हे सांगा, मधल्या आठवड्यात आईंनी 60,000 युनिटची पुडी घेतली होती का? घेतली असेल तर आकडा वाढणारच. नसेल, तर दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवा आणि तपासणीच्या नावाखाली बारीक अक्षरांत पद्धत काय लिहिली आहे ते बघा. एकीकडे सीएलआयए (अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक पदार्थ पकडणारं प्रथिन, वापरून उजेडावरून मोजण्याची पद्धत) आणि दुसरीकडे एलसी-एमएस/एमएस (रेणू वेगळे करून वजनावरून ओळखण्याची पद्धत) असेल, किंवा दोन्हीकडे सीएलआयएच, पण मशीन वेगवेगळ्या कंपन्यांची.

आपण मोजतो ते 25-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून रक्तात एका प्रथिनाला घट्ट धरून फिरतं आणि मोजण्याआधी तिथून सोडवावं लागतं. सीएलआयएमध्ये हे काम मशीनच्या आत किटमधलं रसायन करतं. प्रत्येक कंपनीचं रसायन वेगळं, अँटिबॉडीही वेगळी, त्यामुळे एकाच नळीतल्या सीरमचेही दोन मशीनवर दोन आकडे येतात. गरोदरपणी हे प्रथिन वाढतं, तेव्हा काही किट आकडा कमी दाखवतात. एलसी-एमएस/एमएसमध्ये सॉल्व्हंट घालून प्रथिनं साकळवतात, ती तळाशी बसली की वरच्या भागातलं डी घेऊन रेणूच्या वजनावरून ओळखतात. डी2 आणि डी3 हे व्हिटॅमिन डीचे दोन प्रकार वेगवेगळे मोजता येतात. माझा भरवसा या पद्धतीवर जास्त आहे, पण यंत्र महाग आणि ते चालवायला तयार माणूस लागतो.

आणखी एक गोष्ट, जी रक्त घेताना फार कमी ठिकाणी विचारली जाते : केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या चालू आहेत का? काही मशीनची किट बायोटिनवरच चालतात. तिथे रक्तातल्या जास्तीच्या बायोटिनमुळे डी खोटंच वाढलेलं दिसतं आणि खरी कमतरता झाकली जाते. गोळी चालू असेल तर लॅबला आधी सांगा, किती दिवस बंद ठेवायची ते विचारा.

तपासणीच्या पॅकेजमध्ये व्हिटॅमिन ए आणि ई असेल तर उपाशीपोटी जा. ए उजेडात खराब होतं, म्हणून आम्ही ती नळी लगेच फॉइलमध्ये गुंडाळतो. उघड्या नळ्या खिडकीपाशी पडलेल्या दिसल्या तर बेलाशक विचारा. ताप किंवा इन्फेक्शन असताना ए तात्पुरतं कमी येतं, तेव्हा ते तपासूच नका. ई कोलेस्टेरॉलच्या कणांसोबत फिरतं, त्यामुळे ज्यांचं कोलेस्टेरॉल जास्त त्यांचं ईसुद्धा जास्त दिसतं. दोन्ही मिळून वाचायचं. व्हिटॅमिन के रक्तात इतकं कमी असतं की डॉक्टर सहसा पीटी-आयएनआर या रक्त गोठण्याच्या तपासणीवरूनच अंदाज घेतात.

आता आईंबद्दल. 20 ही कमतरतेची रेघ नेमकी तुमच्या दोन आकड्यांच्या मध्ये पडते, म्हणून एक रिपोर्ट 'कमतरता' म्हणतो आणि दुसरा म्हणत नाही. पण 17 आणि 24 मधला फरक पद्धतीचाच असू शकतो. डॉक्टरांना दोन्ही रिपोर्ट दाखवा. हाडं दुखत असतील तर कॅल्शियम, अल्कलाइन फॉस्फेटेज (हाडांशी संबंधित एन्झाइम) आणि पीटीएच (रक्तातलं कॅल्शियम सांभाळणारं हार्मोन) बघायचं का ते विचारा. पुड्या मनाने सुरू करू नका. औषध सुरू झालंच, तर साधारण तीन महिन्यांनी पुन्हा तपासा, कारण रक्तातली पातळी स्थिरावायला तेवढा वेळ लागतो. तपासणी त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीने करा आणि एकक तेच आहे ना ते बघून घ्या : नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमधले 20 म्हणजे नॅनोमोल प्रति लिटरमधले 50.